काटा वाढला, पण नेमकं काय वाढलं?



धर्माबादहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वय 38, पदरी दोन मुले. तीन महिन्यांपासून शेजारच्या दोघीतिघींबरोबर पहाटे फिरायला जातात, घरी आल्यावर थोडी आसने करतात. आणि परवा काट्यावर उभ्या राहिल्या, तर 61 किलोचे 63 झालेले! त्या लिहितात, "ताई, वजन उतरायचं सोडून चढायलंय. घरात चेष्टा होते ती वेगळीच. एक मैत्रीण म्हणते, हे स्नायूंचं वजन आहे, काळजी करू नको. दुसरी म्हणते, तुला फिरणं मानवत नाही, सोडून दे. कुणाचं ऐकू?"

बाई, इतक्यात कुणाचेच ऐकू नका. पहिलीचे ऐकले आणि ते खरे नसले, तर पोट सुटत राहील आणि आपण मात्र खुशीत राहू. दुसरीचे ऐकले, तर मोठ्या मुश्किलीने अंगी लागलेली सवय मोडेल. काय वाढले ते घरच्या घरी ओळखता येते. त्यासाठी हवी शिंप्याची टेप, एक वही आणि महिना-दोन महिन्यांचा धीर.

काट्याला काय कळतं?

काटा फक्त बेरीज सांगतो. त्या बेरजेत हाडे आली, स्नायू आले, चरबी आली, पाणी आले, रात्रीचे जेवणही आले. साडी, परकर, पोलके मिळून साधारण किलोभर होतात, तेही आलेच. यातले काय वाढले, हे सांगणे त्याचे काम नव्हे.

चरबी हलकी आणि जागा अडवणारी. तेलाची एक लिटरची पिशवी हातात घेऊन पाहा. तिच्यावर वजन 910 ग्रॅमच्या आसपास छापलेले असते. शरीरातली चरबीही जवळजवळ तशीच, लिटरला सुमारे 900 ग्रॅम. तेवढ्याच जागेतल्या स्नायूचे वजन भरते सुमारे 1060 ग्रॅम. म्हणजे दोन बायकांचे वजन सारखे असूनही एकीची कंबर दुसरीपेक्षा बरीच मोठी असू शकते.

याचे एक नामी उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन किती याचा जो आकडा डॉक्टर काढतात, तो दोघांचा अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे तपासली, तेव्हाही हेच दिसले. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती वजनाने बरीच कमी होती. त्यांचे स्नायू कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आपली भारतीय अंगकाठीच अशी, दिसायला बारीक पण आत चरबी. म्हणून "मी कुठे जाड आहे?" म्हणणाऱ्या बाईलाही साखरेचा त्रास होतो. आपल्याकडे काट्यावर भिस्त ठेवून भागत नाही ते यासाठी.

स्नायू सावकाश वाढतात

आणखी एक गैरसमज काढून टाकू या. चरबीचे स्नायू होत नाहीत आणि व्यायाम सोडला म्हणून स्नायूंची चरबीही होत नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. एक कमी होत असताना दुसरी वाढू शकते, एवढेच.

बाईच्या अंगात स्नायू भराभर चढत नाहीत. वजने उचलण्याचा व्यायाम नव्याने सुरू केला, नेमाने केला आणि खाणे नीट ठेवले, तर महिन्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम. नुसत्या चालण्याने तेवढेही वाढत नाहीत. चालणे हृदयाला, साखरेला, मनाला फार चांगले, पण स्नायू भरायला त्यांच्यावर भार पडावा लागतो. तेव्हा महिन्यात तीन किलो वाढले आणि ते सगळे स्नायूच, असे कुणी म्हटले तर हसून सोडून द्यावे.

मग नव्याने व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत किलोभर वजन वाढते ते कशाचे? बहुतेक पाण्याचे. दमलेले, ठणकणारे स्नायू पाणी धरून ठेवतात. शिवाय व्यायामासाठी लागणारी साखर स्नायूंत साठते, तीही आपल्याबरोबर तिप्पट पाणी बाळगते. हे पाणी पुढे आपोआप जागेवर येते. या पंधरा दिवसांतच किती जणी कंटाळून फिरणे सोडतात!

काटा कसा वापरावा

आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, त्याच प्रकारच्या कपड्यांत. एकदा घरी, एकदा दवाखान्यात, एकदा चपला-पर्ससकट दुकानात, असे केलेत तर हिशोब लागणार नाही.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी राहून वजन किलो-दीड किलोने वर जाते. म्हणून पाळीनंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवसाचे वजन पुढच्या महिन्यातल्या त्याच दिवसाच्या वजनाशी ताडून पाहा. खारट खाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात वाळवणे चालू असतात, पापडाच्या लाट्या तोंडात जातात, ताटात ठेचा आणि नवे लोणचे येते. दुसऱ्या दिवशी काटा वर गेला तर ती चरबी नव्हे, मिठाने धरलेले पाणी.

टेप आणि परकराची नाडी

आपली साडी मोठी मायाळू. बाई कितीही भरली तरी सामावून घेते, तक्रार करत नाही. नाडी दोन बोटे सैल सोडली की झाले! त्यामुळे कंबर कधी वाढली हे आपल्याला उशिरा कळते.

सरळ उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताने चाचपा. त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर टेप आडवी धरा. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढायचे नाही, स्वतःलाच फसवून काय मिळणार? टेप अंगाला टेकावी, रुतू नये. महिन्यातून एकदा पुरे. भारतीय बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. सोपा हिशोब हवा असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. पाच फूट उंचीला तीस इंच. तुमची आज त्याहून जास्त असली तर घाबरू नका, ती कोणत्या दिशेने सरकते आहे हे महत्त्वाचे.

टेप नसली तर एक युक्ती. एका परकराच्या नाडीवर, नेहमीची गाठ येते तिथे लाल दोऱ्याचा टाका घाला. महिन्याने गाठ टाक्याच्या अलीकडे, परकराच्या बाजूला आली तर कंबर उतरली. टाक्याच्या पलीकडे, टोकाकडे गेली तर वाढली. परकर मात्र तोच आणि वेळ सकाळची.

ताकदीची वही

स्नायू वाढले की ते कामात दिसतात. वहीत महिन्यातून एकदा या तीन गोष्टी लिहा. हात न टेकता खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात कितीदा उठता-बसता आले? भाजी निवडून झाल्यावर जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का? पाण्याची भरलेली बादली मोरीपर्यंत नेताना किती वेळा खाली ठेवावी लागते? आकडे सुधारत असतील तर स्नायू कामाला लागले आहेत.

आता तिन्ही नोंदी शेजारी ठेवा.

वजन थोडे वाढले, कंबर तेवढीच किंवा कमी, ताकद वाढली: हे स्नायू आणि पाणी. खुशाल चालू ठेवा.

वजन तेच, कंबर उतरली: सगळ्यांत छान. चरबी गेली, स्नायू आले, म्हणून काटा हलला नाही.

वजन वाढले आणि कंबरही वाढली: ही चरबी. ताकद वाढली असली तरी खाण्याकडे बघायला हवे.

वजन उतरले, पण कंबर तीच आणि अंगात त्राण नाही: स्नायू झिजताहेत. उपासतापास आणि अर्धपोटी राहून "बारीक" होणाऱ्यांचे असे होते.

धर्माबादच्या भगिनींनी कंबरेचे माप कळवलेले नाही. नुसते फिरणे आणि थोडी आसने एवढ्यावर तीन महिन्यांत वाढलेले दोन किलो सगळे स्नायूंचे असतील, असे मला वाटत नाही. टेपच काय ते सांगेल.

एक चमचा तेल

चरबी वाढली असेल तर दोष फिरण्याचा नाही. अर्धा तास भरभर चालण्यात आपल्यासारखीच्या सव्वाशे कॅलरी खर्च होतात. एका मोठ्या चमचाभर तेलात, म्हणजे 15 ग्रॅमला, 135 असतात. झाली की फिट्टंफाट! फिरून आल्यावर "आज एवढं चालले" म्हणून एक जास्तीचा चहा आणि दोन बिस्किटे, मुलांच्या ताटात उरलेले वाया जाऊ नये म्हणून दोन घास, उपासाला तुपातली साबुदाण्याची खिचडी, हे वहीत कुणी लिहीत नाही. चार दिवस लिहून बघा. फोडणीचे तेल थेट बुधलीतून न ओतता चमच्याने मोजून घाला.

स्नायूंना काय हवं?

आठवड्यातून निदान दोन दिवस भाराचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्या माणसांसाठी सांगितले ते असे: आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून पुढे-मागे होणे, टाचा उचलणे, एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन खांद्यापर्यंत आणणे. प्रत्येकी दहा वेळा, मग थांबून पुन्हा दहा. सोपे वाटू लागले की थोडे वाढवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळे सूर्य उगवायच्या आत उरका.

आणि प्रथिने. 2020 च्या राष्ट्रीय शिफारशीप्रमाणे दर किलो वजनाला दिवसाला 0.83 ग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. यासाठी महागाच्या पावडरी लागत नाहीत. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरींतून 15, घट्ट तुरीच्या वरणाच्या वाटीतून 6 ते 7, मटकी किंवा हरभऱ्याच्या उसळीतून तेवढीच, पेलाभर दूध आणि वाटीभर दह्यातून 9 ते 10, मूठभर फुटाण्यांतून 6, शेंगदाण्याच्या चटणीतून 3. बेरीज झाली! अंडे चालत असेल तर आणखी 6.

पण हे सगळे तुमच्या ताटात पडले तर. सगळ्यांचे जेवण आटोपल्यावर पातेल्यात उरते ते वरणाचे वरचे पाणी आणि उसळीचा रस्सा. डाळ खाली होती तेव्हा वाढली गेली दुसऱ्यांना. दिवसभर राबणाऱ्या बाईचे स्नायू भरत नाहीत आणि भाकरी-भातावर पोट तेवढे सुटते, त्याचे एक कारण हे. म्हणून वाढायला बसण्याआधी आपली एक वाटी घट्ट वरण बाजूला काढून ठेवायची. यात आपमतलबीपणा काही नाही.

डॉक्टरांकडे केव्हा?

दोन-चार दिवसांत वजन भराभर वाढले, पावले किंवा चेहरा सुजला, धाप लागू लागली, तर टेप ठेवून द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सतत थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, केस गळणे यांच्याबरोबर वजन वाढत असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. पाळी अनियमित झाली असेल तरी विचारा. खूप तहान आणि लघवी लागून वजन उतरत असेल तर आनंद मानू नका, साखर तपासा. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असणाऱ्यांनी भाराचा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. दिवस गेलेल्या बाईने हे कुठलेच हिशोब लावू नयेत, तिचे गणित वेगळे.

आणि ते नवे विजेचे काटे, ज्यांवर उभे राहिले की चरबीचे टक्के उमटतात? ते पायांतून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधतात. अंगात पाणी कमी-जास्त असले की आकडा बदलतो. असला घरी तर वापरा, पण त्याच्यासाठी मुद्दाम पैसे घालू नका. हृदयात पेसमेकर बसवलेला असेल त्यांनी त्यावर उभे राहू नये.

तर मग पुढच्या पाळीनंतर पाचव्या दिवशी वहीचे पहिले पान लिहा: वजन, कंबर, उठबस. तोवर फिरणे मात्र एक दिवसही बंद ठेवू नका. आणि घरात कुणी काट्यावरून चेष्टा केली, तर त्यांचीही कंबर मोजायला टेप पुढे करा. पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंटिमीटर आहे, हेही सांगून टाका!