नव्याचे नऊ दिवस

यंदा शाळेचा निरोप घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण लवकरच एखाद्या कचेरीत, पेढीवर किंवा कारखान्यात प्रथमच कामावर रुजू होतील. पहिल्या दिवशी छाप कशी पाडावी, याविषयी घरोघरी उपदेश चालतो. कपडे परीटघडीचे असावेत, वेळेआधी पोचावे, वरिष्ठांशी अदबीने बोलावे. हा उपदेश चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे, असे आमचे मत आहे. परीटघडी तिसऱ्या दिवशी मोडते.

त्यानंतर उरतात त्या सवयी. सांगितलेले काम वहीत टिपून ठेवावे. न समजल्यास तत्काळ विचारावे. चूक झाल्यास ती दुसऱ्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वी आपणच सांगावी. शिपायाशीही साहेबांशी बोलावे तितक्याच आदराने बोलावे. आपल्या बडोद्यात आणखी एक अडचण येते. शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कागदोपत्री पुष्कळदा इंग्रजी. चुकलो तर लोक हसतील या भीतीने जो गप्प बसतो, त्यास लोक घुमा समजतात. चुकतमाकत का होईना, बोलावे.

परंतु सारा भार नवख्याच्याच खांद्यावर टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. याविषयी आपल्याच शहरात घडलेली एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावयास हवी. महाराजा सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यास ते १९१७ साली बडोद्यास आले. एवढा विद्वान तरुण. त्यांच्यात काय उणे होते? तरीही अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागद लांबूनच फेकीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या तयारीत असता लाठ्या घेतलेल्या दहा-बारा जणांनी त्यांना खोलीपुढेच अडविले व जागा सोडण्यास बजावले. परिचितांनीही आसरा देण्याचे टाळले. आपण ज्या कमाटी बागेत खेळावयास जातो, तेथेच काही तास बसून त्यांनी रात्रीची गाडी गाठली आणि ते मुंबईस परतले. पुढे हेच गृहस्थ भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

त्या अकरा दिवसांत नवख्याने कशी छाप पाडली, हे आज कोणी विचारीत नाही. शहराने त्यांच्या मनावर काय छाप पाडली, हे मात्र त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

विद्यार्थिमित्रहो, आज ना उद्या तुम्ही नवखे व्हाल, आणि काही वर्षांनी जुनेही व्हाल. नवखेपणी काय करावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. जुने झाल्यावरचे एक काम आम्ही सांगून ठेवतो. तुमच्या कचेरीत कोणी नवे माणूस आले, तर त्याची जात, गाव किंवा बोली विचारण्याआधी पिण्याचे पाणी कोठे आहे ते दाखवा, आणि दुपारी डबा उघडताना त्याच्यासाठी शेजारी जागा करा.