आपलें दार आणि दुसऱ्याचें दार

‘धर्म आणि राजकारण यांची फारकत असावी काय?’ हा विषय आम्हीं यंदा विद्यार्थ्यांच्या वादविवादसभेंत ठेविला होता. बहुतेक वक्त्यांनीं ‘असावी’ असेंच उत्तर दिलें. पण उदाहरणें निघतांच एकमत मोडलें. एका मुलाच्या मतें २०१५ च्या सिंहस्थांत सरकारनें रस्ते, पाणी व आरोग्य यांवर केलेला खर्च ही निव्वळ लोकांची सोय. मिशनच्या शाळेस अनुदान देणें हें मात्र धर्मास साह्य. दुसऱ्यानें नेमकें उलट सांगितलें. दोघेहि हुशार, दोघेहि प्रामाणिक. तरी प्रत्येकाची भिंत दुसऱ्याच्याच अंगणांत उभी राहिली!

या विषयावरील मत आपण ग्रंथांतून कमी आणि घरच्या संस्कारांतून अधिक घेतों, असें आम्हांस वाटतें. याचा मोठा दाखला आपल्याच नगरांत आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं पंचवटींतील काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे येथील धुरीण होते. अस्पृश्य गणलेले हजारों स्त्रीपुरुष त्यांत सामील झाले. लढा कित्येक वर्षें चालला, तरी त्यांच्यासाठीं दार उघडलें नाहीं. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, याच जिल्ह्यांतील येवलें येथें, बाबासाहेबांनीं धर्मांतराचा निश्चय जाहीर केला.

दाराच्या आंत असलेल्यांस हा केवळ धर्माचा प्रश्न वाटे. त्यांत राजकारण येऊं नये, असें त्यांचें म्हणणें. बाहेर उभ्या असलेल्यांस तोच प्रश्न माणुसकीचा आणि नागरिकत्वाचा होता. ज्यास परंपरा प्रिय, त्यास फारकत ही ढाल वाटली; ज्यास समता प्रिय, त्यास तीच फारकत दाराची कडी वाटली.

यांतून आपल्या राज्यघटनेनें विवेकाचा मार्ग काढिला. मुंबई प्रांतांत १९४७ सालीं हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झालाच होता. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. २५ व्या कलमानें प्रत्येकास धर्मस्वातंत्र्य दिलें. आणि त्याच कलमानें सार्वजनिक हिंदु मंदिरें सर्व वर्गांच्या हिंदूंस खुलीं करण्याचा अधिकार सरकारास दिला. कोणी कसें भजावें हें सरकारनें सांगूं नये. परंतु धर्माच्या नांवानें माणसाचा अपमान होत असेल, तर सरकारनें स्वस्थहि बसूं नये, असा याचा अर्थ आम्ही घेतों.

परंतु दुसऱ्याच्या दाराविषयीं न्याय सांगणें सोपें असतें. घटनेचें २८ वें कलम आमच्या दारीं येतें. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेंत कोणाहि विद्यार्थ्यास त्याच्या, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसवितां येत नाहीं. मिशनच्या हाताखालीं वाढलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास सकाळची प्रार्थना प्राणाहून प्रिय. हें कलम वर्गांत प्रथम शिकवितांना आमच्या मनास तें किंचित् बोंचलें, हें कबूल केलेंच पाहिजे. मग आम्हीं स्वतःस विचारलें : काळारामाच्या दारापाशीं जो कायदा न्याय्य वाटला, तो प्रार्थनामंदिराच्या दारापाशीं अडचण कां वाटावा? उत्तर एकच होतें. सक्तीनें जोडविलेले हात प्रार्थना करीत नाहींत.

आपल्या समाजांतील वडीलधाऱ्यांनीं हा धडा पूर्वींच घालून दिला आहे. घटनासमितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. तरीहि धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडण्याचा निर्णय १९४९ सालीं झाला, तेव्हां ते त्याच्या पुरस्कर्त्यांत अग्रभागीं होते. स्वतःच्या लाभास मुरड घालून जें तत्त्व पाळिलें जातें, तेंच खरें तत्त्व.

मुलांनो, संस्कार टाळतां येत नाहींत, पण तपासतां येतात. उद्यां तुम्ही मतदार व्हाल. धर्म आणि राजकारण यांविषयीं कोणी ठाम बोलूं लागला, किंवा तुम्ही स्वतः बोलूं लागलां, तर एवढेंच विचारा : हाच न्याय माझ्या दारीं लागला, तर मी तो मानीन काय? आणि पालकहो, हा प्रश्न मुलांनीं घरीं आपणांसच विचारला, तर रागावूं नका. त्यांचें शिक्षण सार्थकीं लागलें, असें समजा.