व्हिडिओ आपण पाहिला, मृतदेह त्यांनी शोधले. त्यांच्या मनाचं काय?

३० जून २०२४. लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं कुटुंब तुम्हालाही आठवत असेल. पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ आपण फॉरवर्ड केला आणि पुढे स्क्रोल केलं. शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक मात्र त्यानंतरही पाण्यात शोध घेत होते.

वर्षभरात पुन्हा तेच. १५ जून २०२५ ला, रविवारी, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला. चौघांचा मृत्यू झाला. परंदवडी, सोमाटणे, इंदोरी हा सगळा जवळचाच पट्टा. इथे दुर्घटना घडली की सुरुवातीला हात देतात ती आसपासचीच माणसं.

एनडीआरएफच्या ५ व्या बटालियनचा तळही मावळातच, सुदुंबऱ्याला आहे. पण जवानाला वरिष्ठ असतो, डॉक्टर असतो, सोबत राहणारे सहकारी असतात. स्वयंसेवकाला काय असतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि सोमवारची ड्युटी. लहान मुलाचा मृतदेह बाहेर काढून आलेला माणूस घरी जेवायला बसतो तेव्हा बोलणार कुणाशी? बायकोला सांगवत नाही, मित्रांना कळत नाही.

यावर एक उपाय म्हणजे ‘पीअर सपोर्ट’, म्हणजे त्याच कामातल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याचा आधार. तो उपचार करत नाही. झोप लागते का, चिडचिड वाढली का, दारू वाढली का, एवढं विचारतो आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे नेतो. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये तयार झालेल्या ‘ट्रिम’ पद्धतीत असं बोलणं घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी होतं आणि महिन्याभराने पुन्हा. दुसरी भेट महत्त्वाची, कारण पहिल्या आठवड्यातली अस्वस्थता बहुतेकांची आपोआप ओसरते. महिन्यानंतरही टिकली, तर लक्ष द्यायला हवं.

इथे एक गफलत होते. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणणं चांगलं वाटतं, पण अशा एकाच बैठकीच्या ‘डीब्रीफिंग’चा फायदा संशोधनात दिसलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही त्याची शिफारस करत नाही. ज्याला बोलायचं नाही, त्याला बोलायला लावू नये.

आपल्याकडे कागदावर काहीच नाही, असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतल्या मानसिक आधाराविषयी २००९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. माझ्या मते, दोर कसा बांधायचा हे शिकवताना त्यातला अर्धा दिवस यासाठी काढणं अवघड नाही. खर्च जवळपास शून्य. प्रत्येक पथकात दोन माणसं तयार करायची आणि महिन्याभराने एक फोन करायचा.

तोपर्यंत केंद्र सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतही. तुमच्या ओळखीत कुणी रेस्क्यू टीममध्ये असेल तर त्यांना हा नंबर पाठवा. आणि पावसाळ्यातल्या त्या रविवारनंतर, तीनेक आठवड्यांनी, चहाला बोलवा.