उपग्रही मोजणी व जुनें टिपण

स्थिर केंद्राची दुरुस्ती लावली म्हणजे रोव्हर यंत्र शेताचा कोपरा कांहीं सेंटिमीटरांपर्यंत अचूक दाखवितें. म्हणून बांधाचे तंटे आतां मिटलेच, असें आमचे कित्येक शेतकरी बंधु समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मुंबई इलाख्यांतील जुनीं टिपणें ३३ फुटी, १६ आण्यांच्या साखळीनें झालेलीं. नकाशांचे कागदही काळानें आकसलेले. यंत्राचे बिंदु त्या नकाशावर बसविले जातात ते संगणकांतील सॉफ्टवेअरमध्यें. तेथें कोणत्या जुन्या खुणा आधारास धरल्या (आपण त्या राखल्या असतील तर!) यावर बांध हातभर इकडे कीं तिकडे, हें ठरतें. यास्तव त्या खुणा व जुन्या-नव्या मापांतील फरक भूकरमापकाकडून नकाशावर लिहून मागावा. न मिळाल्यास सहीपूर्वीच लेखी हरकत नोंदवावी.