मनोरा, भय आणि मापन

गावात मोबाइलचा नवा मनोरा उभा राहू लागला की, त्याच्या पायाबरोबर शंकाही रुजते. हिंगोली, वसमत वा कळमनुरी परिसरातील गावे याला अपवाद असण्याचे कारण नाही. चिमण्या दिसेनाशा झाल्या, एखाद्या घरी कर्करोग निघाला, की बोट मनोऱ्याकडे वळते. या भीतीची टवाळी करणे सोपे. तिचे निरसन करणे मात्र कष्टाचे आहे.

रेडिओलहरींत क्ष-किरणांप्रमाणे अणूतून इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी ऊर्जा नसते. तीव्रता पुरेशी असल्यास शरीरातील ऊती तापतात, हाच त्यांचा निर्विवाद परिणाम होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरविले. परंतु त्याच संघटनेने करविलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. पक्ष्यांविषयी म्हणावे, तर जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे विद्युतचुंबकीय गोंगाटात रॉबिन पक्षी दिशा हरवितो, असे २०१४ मध्ये दिसून आले. मात्र त्या लहरी मोबाइलच्या लहरींहून फार कमी वारंवारितेच्या होत्या. चिमणीचे म्हणाल, तर माळवदाची घरे जाऊन सिमेंटची आली, तेव्हाच तिच्या वळचणी गेल्या. पिलांच्या तोंडच्या अळ्या कीटकनाशकांनी नेल्या.

आणखी एक विपर्यास ध्यानात घेतला पाहिजे. मनोऱ्यापासून अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारण चौथाईवर येते. उलट मनोरा दूर असला की कानाशी धरलेला फोन अधिक जोराने लहरी सोडतो. मनोरा हटविणारे गाव कदाचित आपलाच भार वाढवीत असते.

म्हणून भय सोडून सर्व कंपन्यांवर विसंबावे, असा याचा अर्थ नव्हे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. मर्यादा कागदावर असते; ती पाळली जाते की नाही, हे मापनानेच कळते. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ संकेतस्थळ सुरू करून नागरिकाला मापन मागण्याची सोय दिली. पण तिचे शुल्क ४,००० रुपये ठरविले. शेतमजुराला ही सोय असून नसल्यासारखीच. शंका गावाची असेल, तर तपासणीचा खर्च शासनाचा असावा आणि आलेले आकडे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत. अज्ञानावर पोसलेली भीती उपदेशाने जात नाही; आकडा डोळ्यांसमोर आला म्हणजेच ती ओसरते, अथवा रास्त ठरते.