दलाली शून्य, पण हिशेब कोणता?

पनवेल, प्रतिनिधी : सकाळी सव्वानऊ वाजता शेअर बाजार उघडतो, त्या वेळी करंजाडेतील नोकरदार बहुधा हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये असतो. पनवेल स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर सिडकोने वसवलेल्या या वसाहतीत दोन प्रकारची कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. मुंबईतील घर परवडत नाही म्हणून इकडे आलेली पगारदार मंडळी एकीकडे, तर नवी मुंबई विमानतळासाठी जमीन देऊन वडघर-करंजाडे पट्ट्यात साडेबावीस टक्के योजनेतील भूखंड मिळालेले प्रकल्पग्रस्त दुसरीकडे. एकाकडे महिन्याकाठी उरणारे चार पैसे आहेत, दुसऱ्याकडे भूखंडाच्या व्यवहारातून एकरकमी आलेला पैसा. दोघांच्या मोबाइलवर जाहिरात मात्र एकच झळकते : काही मिनिटांत खाते उघडा, दलाली शून्य.

देशातील डिमॅट खात्यांची संख्या मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती. २०२५ मध्ये ती २० कोटींच्या पुढे गेली. या वाढीत दलाल निवडण्याचा प्रश्न जवळपास दलालीच्या दरापुरताच उरला आहे, आणि नेमका तोच निकष सर्वांत कमी उपयोगाचा आहे.

दराचे गणित आधी पाहू. पारंपरिक पूर्ण सेवा देणारा दलाल डिलिव्हरीच्या व्यवहारावर अर्धा टक्का घेत असेल, तर २५ हजारांच्या खरेदीवर १२५ आणि तेवढ्याच विक्रीवर १२५ रुपये होतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की एकूण २९५ रुपये. सवलतीच्या दलालाकडे प्रत्येक ऑर्डरला कमाल २० रुपये धरले तरी हा आकडा करासह ४७ रुपये २० पैशांवर येतो. फरक मोठा आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु रोखे व्यवहार कर, मुद्रांक शुल्क आणि बाजाराचे शुल्क दोन्हीकडे सारखेच लागते. शिवाय विक्रीच्या दिवशी प्रत्येक कंपनीमागे डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचे वेगळे शुल्क आकारले जाते. ते १५ रुपये धरले आणि एखाद्याने पाच कंपन्यांचे दोन-दोन हजारांचे शेअर विकले, तर १० हजारांवर ७५ रुपये गेले. दलाली शून्य असूनही पाऊण टक्का खर्च झालाच. दरमहा थोडी थोडी खरेदी करून अधूनमधून विकणाऱ्या पगारदारासाठी जाहिरातीतील शून्यापेक्षा दरपत्रकातील ही ओळ महत्त्वाची.

शून्य कायम राहील याचीही हमी नसते. सेबीच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून शेअर बाजारांना सर्व दलालांकडून एकसारखे शुल्क घेणे बंधनकारक झाले. मोठ्या उलाढालीवर दलालांना मिळणारी सवलत त्यामुळे संपली. पाठोपाठ नोव्हेंबर २०२४ मध्ये एंजल वनने डिलिव्हरीच्या व्यवहारांवरही दलाली सुरू केली. वार्षिक देखभाल शुल्काची चौकशीही आधीच करावी. ज्याचे एकच डिमॅट खाते आहे आणि त्यातील शेअरचे मूल्य ४ लाखांपर्यंत आहे, त्याला मूलभूत सेवा डिमॅट खात्यात हे शुल्क लागत नाही. तीन-चार ॲपवर हौसेने खाती उघडणारा ही सवलत स्वतःच्या हाताने घालवतो.

खरा प्रश्न पैसा आणि शेअर कोणाच्या ताब्यात राहतात हा आहे. पनवेलकरांना तो समजावून सांगावा लागू नये. येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण तरी होते. दलालाकडे पडून असलेल्या रकमेला ठेव विमा लागू नाही. दलाल थकबाकीदार ठरल्यास शेअर बाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे दावा करता येतो, पण त्याला मर्यादा आहे. आणि बाजारात झालेला तोटा तर कोणीच भरून देत नाही.

कार्व्ही स्टॉक ब्रोकिंगचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. हैदराबादची ही कंपनी काही नवखी नव्हती. तिचे नाव देशभर ठाऊक होते. ग्राहकांनी खाते उघडताना सही केलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारे तिने त्यांचे शेअर स्वतःच्या खात्यात वळवले आणि ते तारण ठेवून कर्ज उचलले. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने अंतरिम आदेश काढला, तेव्हा ही रक्कम २ हजार कोटींहून अधिक असल्याचे समोर आले. पुढच्या महिन्यात सुमारे ८३ हजार ग्राहकांना शेअर परत मिळाले. उरलेल्यांची वणवण लांबली. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने कंपनीची हकालपट्टी केली. दर स्वस्त की महाग, याचा या साऱ्याशी काही संबंध नव्हता.

नियम त्यानंतर बदलले आणि ग्राहकाच्या बाजूने बदलले. २०२० पासून शेअर तारण ठेवायचे तर ते ग्राहकाच्या खात्यातच राहतात आणि ग्राहकाची संमती लागते. सर्वाधिकारी मुखत्यारपत्राची जागा २०२२ मध्ये मर्यादित अधिकारपत्राने घेतली. तेही ऐच्छिक आहे. २०२५ पासून खरेदी केलेले शेअर दलालाच्या खात्यावरून न जाता थेट ग्राहकाच्या डिमॅटमध्ये जमा होतात. न वापरलेली रक्कम महिन्याला किंवा तिमाहीला बँकेत परत करणे दलालावर बंधनकारक आहे. त्याहून चांगली सोय म्हणजे पैसे स्वतःच्या बँक खात्यातच अडवून ठेवणारी यूपीआय पद्धत. फेब्रुवारी २०२५ पासून मोठ्या दलालांना ती किंवा बँक, डिमॅट व व्यवहार अशी तिन्ही खाती जोडलेली सेवा द्यावी लागते. एकरकमी मोबदला हाती असलेल्या कुटुंबाने दलालाला पहिला प्रश्न विचारावा तो याच सोयीबद्दल.

ॲप बंद पडणे हा दुसरा धोका. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तर खुद्द राष्ट्रीय शेअर बाजारच तांत्रिक बिघाडाने सुमारे चार तास ठप्प झाला आणि व्यवहार संध्याकाळी पाचपर्यंत वाढवले गेले. बाजार पुन्हा सुरू होणार हे कळण्यापूर्वीच अनेक दलालांनी ग्राहकांचे दिवसाचे सौदे मुंबई शेअर बाजारात बंद करून टाकले होते. लोकलमधून सौदे करणाऱ्याने दिवसाच्या सौद्यांच्या वाटेला जाऊच नये, हे याचे साधे उत्तर. दर ठरवून दिलेली मर्यादित ऑर्डर त्याला पुरेशी आहे. नेटवर्क नसताना फोनवरून ऑर्डर घेतली जाते का आणि तिचे किती घेतात, हे मात्र विचारून ठेवावे. दलालाविरुद्धच्या तक्रारींचे आकडे त्याच्या संकेतस्थळावर आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असतात. खाते उघडण्यापूर्वी ते पाहणारे विरळाच.

फुकट सेवा देणाऱ्याचे पोट कशावर भरते, हेही पाहायला हवे. सवलतीच्या दलालांची मोठी कमाई फ्युचर्स-ऑप्शन्सवर होते. सेबीच्याच पाहणीनुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात या विभागातील ९१ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा १ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ज्या ॲपच्या पहिल्याच पडद्यावर ऑप्शन्सचे बटण चमकते, ते कोणाच्या सोयीसाठी ठेवले आहे, हे ओळखणे कठीण नाही.

बनावट ॲपचे संकट याहून निराळे. व्हॉट्सॲप गटात घेऊन खोटा नफा दाखवायचा, मग पैसे काढताना आणखी पैसे मागायचे, अशी ही रीत आहे. नोंदणीकृत दलालांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून 'व्हॅलिड' शब्द असलेले खास यूपीआय पत्ते सुरू झाले असून, पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याचे चिन्ह दिसते. सेबीच्या 'सेबी चेक' सुविधेवर दलालाचे बँक खाते आणि यूपीआय पत्ता पडताळता येतो. पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावावरील खात्यात भरायला सांगितले, तर व्यवहार तेथेच थांबवावा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.