ईजीआर व्हॉल्व्ह: साफ करावा की बुजवावा?

डिझेल मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की ‘पी०४०१’ हा कोड दिसतो: ईजीआर व्हॉल्व्हमधून अपेक्षेपेक्षा कमी वायू इंजिनात परत जात आहे. यावर दोन सल्ले मिळतात. व्हॉल्व्ह काढून काजळी साफ करा, हा पहिला. दुसरा अधिक सोपा वाटणारा: वाटेत पत्र्याची चकती बसवून तो मार्ग कायमचा बंद करा आणि दिवा लागू नये म्हणून ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून घ्या. इंजिनला मोकळा श्वास मिळतो, असे या उपायाचे समर्थन केले जाते. श्वास नेमका कोणाचा कोंडतो, हे मात्र सांगितले जात नाही.

हवेचा ७८ टक्के भाग असलेला नायट्रोजन एरवी अत्यंत निष्क्रिय असतो. त्याच्या रेणूतील तिहेरी बंध तोडण्यासाठी मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. डिझेलच्या ज्वालेत मात्र तापमान एवढे वाढते की ऑक्सिजनचा सुटा अणू या रेणूवर आघात करून नायट्रिक ऑक्साइड तयार करतो. ही साखळी सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात उलगडली. तिच्या पहिल्या पायरीचा वेग तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो. ज्वाला २४०० केल्विनवरून २३०० केल्विनवर आली, म्हणजे केवळ शंभर अंशांनी उतरली, तरी त्या पायरीचा वेगस्थिरांक जवळपास निम्मा होतो. ईजीआर नेमका याचाच लाभ घेतो. जळून गेलेल्या वायूचा काही भाग ताज्या हवेत मिसळला की ऑक्सिजन विरळ होतो. तेवढेच इंधन जळताना अधिक वायू तापवावा लागतो आणि ज्वालेचे शिखर तापमान खाली येते. एका साध्या झडपेकडून साधलेले हे उष्मागतिकीचे काम खरोखर देखणे आहे.

त्याची किंमत काजळीच्या रूपात मोजावी लागते. ऑक्सिजन कमी झाला की काजळी वाढते, क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ तिच्यात मिसळते आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी डांबरासारखा थर जमतो. पूर्ण भारावर ईजीआर बहुधा बंद असतो. तो सर्वाधिक उघडतो तो मंद, कमी भाराच्या चालीत. म्हणजे दिल्ली, बंगळुरू वा पुण्याच्या वाहतूक कोंडीत, जिथे माणसे त्या धुराच्या सर्वांत जवळ असतात. तुंबलेला व्हॉल्व्ह हा अनेकदा प्रामाणिकपणे काम केलेला व्हॉल्व्ह असतो.

तो घरी साफ करणे अशक्य नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवावी, मग कनेक्टर आणि बोल्ट काढावेत. थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून नंतर कार्ब्युरेटर क्लीनर व जुन्या टूथब्रशने घासावा. व्हॉल्व्हचे तोंड खाली धरावे, म्हणजे द्रव मोटरच्या बाजूला उतरत नाही. स्क्रूड्रायव्हर घालून झडप जोराने फिरवू नये, आतील नाजूक दाते तुटतात. गॅस्केट नवाच वापरावा. काही गाड्यांत जोडणीनंतर स्कॅनरने व्हॉल्व्हची शून्यस्थिती पुन्हा शिकवावी लागते. व्हॉल्व्ह कूलंटच्या नळ्यांना जोडलेला असेल, तर काम मेकॅनिककडे सोपवणेच शहाणपणाचे. चालू इंजिनच्या हवामार्गात क्लीनर फवारण्याचा ‘झटपट’ उपाय मात्र टाळावा, कारण सुटलेली काजळी थेट सिलिंडरमध्ये जाते. क्लीनर ज्वलनशील असल्याने हे सारे उघड्यावर, हातमोजे आणि मास्क घालूनच करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. उरलेले काळे पाणी गटारात ओतणे, हे तर एका प्रदूषणाच्या जागी दुसरे आणणेच होय.

चकती बसवणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. देशाने १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा मानके लागू केली, तेव्हा डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. चकतीने ती मिळकत मुकाट्याने परत दिली जाते. हवेत हे ऑक्साइड ओझोन निर्माण करण्यास हातभार लावतात. हिवाळ्यात उत्तर भारताच्या मैदानात शेती व पशुधनातून येणाऱ्या अमोनियाशी त्यांच्यापासून बनलेल्या आम्लाचा संयोग होऊन अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. दिल्लीच्या धुरक्यावर दरवर्षी होणाऱ्या चर्चेत या कणांचा उल्लेख अगदी क्वचित होतो.

तरीही दोष एकट्या वाहनमालकाचा नाही. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचा धूर किती अपारदर्शक आहे, एवढेच मोजले जाते. नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो. मार्ग बुजवलेल्या गाडीत काजळी वाढण्याचे कारण नसल्याने ती या चाचणीत सहज उत्तीर्ण होते आणि वैध प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते. नळकांड्यातून येणारे नायट्रोजन ऑक्साइड मोजणारी उपकरणे अस्तित्वात आहेत. ती प्रत्येक केंद्रात येईपर्यंत निदान गाडीच्या संगणकातील दोषनोंदी वाचणे सक्तीचे करता येईल. फेरफार केलेले सॉफ्टवेअर काही वेळा तेही चकवेल. पण ज्या गाडीत केवळ चकती बसवून पिवळ्या दिव्याकडे काणाडोळा केला आहे, ती तरी सापडेल. त्यासाठी लागणारे सॉकेट गाडीत स्टिअरिंगखालीच असते. आजच्या तपासणीत तिकडे कोणी वाकूनही पाहत नाही.